दुपारी गोड, संध्याकाळी कडू: घरच्या स्मूदीत नेमकं काय बिघडतं?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या माझ्या भाच्याला आईसाठी काहीतरी करावंसं वाटलं. मोबाइलवर बघून त्यानं दुपारी दोनला अननस, संत्रा, केळं आणि दूध मिक्सरमध्ये फिरवलं. एक ग्लास उभ्या उभ्या स्वतः संपवला, 'एक नंबर' म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली आणि उरलेली स्मूदी आईसाठी झाकून फ्रिजमध्ये ठेवली. माझी बहीण नागपूरच्या बर्डीवरून नोकरी करून सहाला घरी येते. उन्हातून आलेली, घशाला कोरड. पहिला घोट घेतला आणि थेट बेसिनकडे धावली. कडूजहर! रंग मातकट, वर चोथा, खाली पाणी.

लगेच मला फोन. "मावशी, फ्रिजमध्येच होती वं, मंग कडू काहून झाली?"

बहिणीचा निकाल तयार होता: दूध नासलं. पण चार तासांत फ्रिजमधलं दूध नासत नाही आणि नासलं तरी आधी आंबट लागतं. माझ्या आईनंही पलीकडून आपलं मत टाकलं, की दूध आणि आंबट फळ म्हणजे विरुद्ध आहार, एकत्र करायचंच नसतं. आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्या ग्लासात खरोखरच भांडण झालं होतं. फक्त ते कुणाकुणात झालं, हे बघायला हवं. मी होम सायन्स शिकलेली बाई. असा प्रश्न आला की माझ्या हातातलं काम बाजूला राहतं.

त्या ग्लासात चौघं होते. दोघांनी तो कडू केला, तिसऱ्यानं रंग घालवला, आणि दूध बिचारं मधल्यामधे मार खात होतं.

आधी अननसाला धरू. दुधातलं प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ समजा, गुंडाळून ठेवलेली. ही माळ अखंड असते तोवर जिभेला तिची फारशी चव नसते. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, आणि त्याचं काम एकच, प्रथिनांच्या माळा कापणं. कात्रीच म्हणा ना. माळेतले काही मणी पाण्यापासून तोंड लपवून आतल्या बाजूला बसलेले असतात. कात्री चालली की हे मणी छोट्या छोट्या तुकड्यांवर उघडे पडतात, आणि नेमके तेच तुकडे जिभेला कडू लागतात. मिक्सर बंद केला त्या क्षणी माळा बहुतेक शाबूत असतात, म्हणून भाच्याला स्मूदी गोड लागली. नंतर चार तास कात्री चालूच राहिली. कात्रीची धार कापून कापून जात नाही. थंडीत ती हळू चालते, थांबत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे काळ थांबला, ही आपल्या सगळ्यांची आवडती गैरसमजूत आहे.

अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, तेव्हाही हीच कात्री आपल्या तोंडात चाललेली असते. शिवाय अननसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते वेगळंच टोचत असतात.

आता दूध फाटण्याचं बघू. ती गोष्ट कडूपणापेक्षा वेगळी आहे, आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. शाळेत शिकलेला सामू, म्हणजे पीएच, आठवा. दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. आंबट फळ घालून तो ४.६ च्या आसपास आला, की दुधातलं केसिन नावाचं मुख्य प्रथिन एकमेकांना दूर ढकलणं सोडतं आणि गोळा होतं. लिंबू पिळून पनीर करतो ते हेच. अननस आणि संत्रा दोन्ही आंबट, त्यामुळे त्यांनी दुधाचं पनीर करायला घेतलंच होतं. चोथा वर आणि पाणी खाली, ते त्यामुळे. फाटलेलं दूध दिसायला वाईट, पण कडू नसतं. कडू करणारी कात्रीच.

हे माझ्या सांगण्यावर सोडू नका. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे दही घ्या. दही मुळातच आंबट होऊन जमलेलं असतं, त्यामुळे फाटण्याचा प्रश्न मिटतो. एका वाटीत कच्च्या अननसाचा चमचाभर गर घाला. दुसऱ्या वाटीत तेवढाच गर, पण पाच मिनिटं उकळून गार केलेला. तास-दीड तास बाहेर ठेवा आणि चाखा. पहिल्या वाटीतलं दही पातळ झालेलं असेल आणि घशाशी कडवट लागेल. दुसरं जसंच्या तसं. उकळल्यावर कात्रीचा आकारच बिघडतो, मग ती कापू शकत नाही. डब्यातल्या अननसानं केक, पुडिंग किंवा जेली बिघडत नाही तेही त्याचमुळे. डबाबंद करताना तो तापवलेला असतो. उलट फ्रीझरमध्ये गोठवलेल्या अननसात कात्री फक्त झोपते. वितळली की उठून कामाला लागते.

म्हणून माझ्या घरी अननसाची चकती आली की अर्धी मिठ-तिखट लावून तिथेच संपते आणि उरलेली चमचाभर साखर घालून, स्वतःच्याच रसात पाचेक मिनिटं शिजवून डब्यात जाते. थोडा ताजेपणा कमी होतो, मान्य. पण दही घालायचं असेल तर एवढी किंमत द्यावी. ताजाच हवा असेल, तर दूध-दह्याऐवजी नारळाचं दूध घाला. त्यात प्रथिनं कमी, स्निग्धता भरपूर. कात्रीला कापायला फारसं काही मिळतच नाही.

पपईतही अशी कात्री असते, पपेन नावाची. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा घालतात तो तिच्यासाठीच. पिकत जाते तसा पपेनचा जोर ओसरतो, पण पुरता संपत नाही. म्हणून पिकलेली पपई आणि दूध लगेच प्यायलं तर उत्तम, तासन्तास ठेवलं तर कडवट. पपईची दुसरीही एक खोड आहे. तिचा गर फिरवून ठेवला की काही वेळानं चक्क थलथलीत जमतो. तिच्यातलं पेक्टिन, म्हणजे ज्याच्यामुळे जॅम घट्ट होतो ते, तिच्यातल्याच एका एन्झाइममुळे बदलतं आणि कॅल्शियमशी हात मिळवून जाळं विणतं. दुधात कॅल्शियमची काय कमी! बिघडलेलं नसतं काही, चमच्यानं खा. बिया मात्र एकही राहू देऊ नका. मिक्सरमध्ये गेल्या तर स्मूदीला मिरीसारखा झणका येतो.

आता आपल्या लाडक्या संत्र्याकडे. नागपूरकराला संत्र्याबद्दल वाईट ऐकवत नाही, मलाही नाही. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही कसं छाती फुगवून फिरलो होतो! पण खरं ते सांगायला हवं: आपला संत्रा सोलून खायला जितका गुणी, तितकाच रस काढून ठेवायला अवघड. ताजा रस गोड, दोन-चार तासांनी कडवट. यात आधीच्या कात्रीचा काही संबंध नाही. दूध नसलं तरी हे होतं.

संत्र्याच्या फोडींवरचं पापुद्र्यासारखं आवरण, आतला पांढरा दोर आणि बिया, यांच्यात एक पदार्थ बिनचवीच्या रूपात बसलेला असतो. फळ अख्खं असतं तोवर तो आणि आंबट रस आपापल्या खोल्यांत असतात. आपण फोडी मिक्सरमध्ये फिरवतो तेव्हा मधल्या भिंती पडतात. आंबट रसात भिजला की तो पदार्थ हळूहळू लिमोनिन होतो, आणि लिमोनिन इतकं कडू, की रसाच्या दहा लाख भागांत सहाएक भाग असले तरी जिभेला कळतं. बियांमध्ये तर लिमोनिन आधीपासूनच तयार असतं, त्यामुळे बी भरडली गेली तर वाट बघायचीही गरज नाही, रस तत्काळ कडू. बाटलीबंद रस करणाऱ्यांना ही मोठी डोकेदुखी आहे. रसातला कडूपणा काढून टाकायच्या पद्धती शोधण्यावर संशोधकांनी पुष्कळ काम केलं आहे. आपल्याकडे अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाच आहे, एवढं या फळाचं प्रस्थ.

घरी उपाय सोपा आहे. संत्रा मिक्सरमध्ये घालूच नका. आडवा कापून हलक्या हातानं पिळा, रस गाळा, आणि स्मूदी प्यायच्या वेळी घाला. पिळताना शेवटच्या थेंबासाठी जीव काढू नका. कडूपणा त्या शेवटच्या थेंबांतच जास्त असतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणारा मृग बहाराचा संत्रा यासाठी घ्यावा, असं माझं मत. हिवाळ्यातला आंबिया बहार मी सोलूनच खाते. त्याला अंगणातलं ऊन आणि शेजारीण लागते, मिक्सर नाही.

केळ्यानं काय केलं? रंग घालवला. केळं कापून ठेवलं की काळं पडतं, तेच इथे झालं, फक्त मिक्सरनं केळ्याच्या लाखो पेशी एकदम फोडल्या आणि भरपूर हवाही आत घुसळली. केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम फार जोरात असतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते फळांतल्या पॉलिफेनॉल नावाच्या घटकांना तपकिरी करून टाकतं. लिंबू पिळलं की त्याचा जोर कमी होतो. चवीत फार फरक पडत नाही, थोडी मातकट होते इतकंच. पण २०२३ साली एका अभ्यासात गमतीची गोष्ट दिसली. मोजक्याच लोकांवर केलेला अभ्यास आहे, तेव्हा त्याचं फार अवडंबर नको. फ्लॅव्हॅनॉल नावाचे उपयोगी घटक (हेही पॉलिफेनॉलच) केळ्याच्या स्मूदीबरोबर घेतले, तर शरीरात पोचणारं त्यांचं प्रमाण ८४ टक्क्यांनी कमी भरलं, तेच घटक कॅप्सूलमधून घेतले त्या तुलनेत. हे घटक कोकोत, सफरचंदात, बेरीवर्गीय फळांत असतात. म्हणजे स्मूदीत कोको कशासाठी, तर आरोग्यासाठी, असं म्हणणार असाल तर केळ्याऐवजी आंबा घ्या. आंबा, अननस, संत्रा यांच्यात हे एन्झाइम कमी असतं. चवीसाठी कोको घालत असाल तर खुशाल केळं घाला. केळ्याचे बाकीचे गुण कुठे जात नाहीत.

आणि केळ्याशिवाय स्मूदीला अंग येत नाही, हेही तितकंच खरं. मी फळांचे दोन गट करते: अंगाची आणि चवीची. केळं, आंबा, पपई, सीताफळ, चिकू ही अंगाची. यांचा गर दाट, पाणी धरून ठेवणारा. अननस, संत्रा, टरबूज ही चवीची. पाणी जास्त, वास आणि आंबटगोडपणा त्यांच्याकडून येतो. दोन वाट्या अंगाची आणि एक वाटी चवीची, हा माझा अंदाज. उलट केलं की स्मूदी न होता सरबत होतं. भाच्यानं नेमकं तेच केलं होतं, एका केळ्याला दोन संत्रे आणि निम्मा अननस. सीताफळ घेणार असाल तर गर हातानंच सुटा करा. बिया विषारी असतात. मिक्सरमध्ये फिरवून गाळून घेऊ, असा शॉर्टकट अजिबात नको.

केळं कोणतं घ्यावं? सालीवर तपकिरी ठिपके आलेलं. हिरव्या केळ्यात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. पिकता पिकता त्याची साखर होते आणि स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो. करकरीत पिवळं केळं बघायला छान, पण स्मूदीत ते पिठूळ लागतं. ठेल्यावर ठिपकेवाली केळी भाव पाडून मिळतात, ती आणा, सोला, चकत्या करा, स्टीलच्या ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडून फ्रीझरमध्ये ठेवा. रात्रभरात दगड होतात. मग डब्यात भरून ठेवा.

आता नागपूरच्या उन्हाळ्यातला खरा विषय: गारवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि ओट्यावर ठेवलेली फळंसुद्धा चाळीस अंशांवर असतात. अशा पाव किलो गराला बर्फानं गार करायचं तर किती बर्फ लागेल? एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. पाव किलो गर ४० अंशांवरून ८ अंशांवर आणायला सात हजारांच्या वर कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. भागाकार करा, ८० ते ९० ग्रॅम बर्फ येतो. म्हणजे फळांच्या वजनाच्या एक तृतीयांश साधं पाणी तुम्ही स्मूदीत ओतलं! मग चव पचपचीत, मग साखर घाला, मग दाटपणासाठी आइसक्रीम घाला, असा तो फेरा. त्याऐवजी तीच फळं आदल्या रात्री फ्रिजमध्ये आणि त्यातली अंगाची फळं फ्रीझरमध्ये. बर्फाचं काम केळ्याची चकती करते, आणि वितळली तरी केळंच होते.

गोठवण्यानं आणखी एक गोष्ट साधते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. घरच्या फ्रीझरमध्ये फळं सावकाश गोठतात, त्यामुळे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. वितळवून खायचं असेल तर फळ लिबलिबीत झालेलं असतं, म्हणून आपण नाक मुरडतो. पण स्मूदीत आपल्याला भिंती फोडायच्याच असतात. अर्धं काम फ्रीझरनं केलेलं असतं.

उरलेलं अर्धं मिक्सरनं करायचं, आणि आपला मिक्सर हा मुळात चटणी-मसाल्याचा गडी. परदेशात स्मूदीसाठी वापरतात तो ब्लेंडर वेगळा. १९२२ साली अमेरिकेत स्टीफन पोप्लॉस्की या माणसानं भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं ते मॉल्टेड दुधाची पेयं घुसळायलाच. त्याच्या भांड्याचा आकार असा असतो की वरचं सगळं भोवऱ्यात खाली ओढलं जातं. आपल्या मिक्सरमध्ये गोठलेली फळं आधी टाकली तर पात्याभोवती हवेचा खड्डा होतो. पातं त्या खड्ड्यात गरगरतं, आवाज विमानासारखा आणि फळं वर ढिम्म. म्हणून पातळ आधी: तळाशी दही किंवा दूध, त्यावर मऊ फळं, सगळ्यात वर गोठलेली. मोठं, उभं भांडं घ्या आणि निम्म्याच्या फार वर भरू नका. आधी बटण उलट बाजूला फिरवून थांबत थांबत चार-पाच झटके द्या, गोठलेले तुकडे फुटले की मग सलग फिरवा. जास्त वेळ फिरवाल तर पात्याच्या घर्षणानं सगळं पुन्हा कोमट होतं, आणि हवा शिरून फेसच फेस.

मध्येच मिक्सर बंद पडला तर जळाला म्हणून कपाळावर हात मारू नका. मोटरवर भार आला की आतली कळ सुटते. प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, मिक्सर आडवा करून खालचं लाल बटण दाबा. बहुतेक वेळा एवढ्यानं चालू होतो.

आणि कृपा करून झाकणाचं रबर काढून धुवा. मिरचीतला तिखट घटक तेला-तुपात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे नुसतं विसळलेलं भांडं स्वच्छ दिसतं पण नसतं. दुधातली स्निग्धता तो बरोबर बाहेर काढते. आमच्याकडे एकदा आंब्याची स्मूदी पिऊन पाहुण्यांचे कान लाल झाले होते. सकाळी त्याच भांड्यात ठेचा झाला होता.

गोडीचं एक गुपित सांगते. थंडीत जिभेला गोड कमी कळतं; वितळलेलं आइसक्रीम किती मिट्ट गोड लागतं ते आठवा. त्यामुळे मिक्सरमधून काढल्या काढल्या चाखून 'साखर कमी आहे' असं म्हणू नका. दोन मिनिटं थांबा. त्याआधी चिमूटभर मीठ घालून बघा. मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं, आणि कडू दबलं की गोड आपोआप वर येतं. आमची आजी पन्ह्यात मीठ घालायची ते उगाच नव्हे. वरून साखर घातली नाही तरी हिशोब लक्षात असू द्या: दोनशे ग्रॅम आंब्याच्या गरात २५ ते ३० ग्रॅम साखर असते, मध्यम केळ्यात आणखी बारा-चौदा. फळं गाळली नाहीत तर तंतू शिल्लक राहतात हे खरं, पण चावून खायला दहा मिनिटं लागणारं फळ दोन मिनिटांत घशाखाली जातं हेही खरं. मधुमेह असेल त्यानं स्टीलचा मोठा पेला बाजूला ठेवून चहाचा कप घ्यावा.

आंब्याबद्दल एवढं लिहिताना लक्षात येतं, की दुधाशी सगळ्यात गुण्यागोविंदानं नांदणारं फळ हेच. नीट पिकलेला आंबा फार आंबट नसतो, त्यात अननसासारखी कात्री नसते, गर दाट. मेमध्ये कळमन्याच्या बाजारात बैंगनपल्ली आंब्यांचे ढीग लागतात. त्याच्या गराला रेषा नसतात, स्मूदीला तो बरा. गावरान आंब्याचा वास स्वर्गीय, पण त्याच्या रेषा पात्याला गुंडाळतात, तो सरगुंड्यांबरोबर, म्हणजे गव्हाच्या वळलेल्या शेवयांबरोबर, रस खायलाच ठेवावा. आणायचा कोणताही, पण देठ काढून तासभर पाण्यात ठेवा. देठाशी असतो तो चीक तोंडाला खाज आणतो, तो धुऊन जातो. दाटपणा आणखी हवा असेल तर भाजलेल्या जवसाची पूड चमचाभर. जवस भिजला की बुळबुळीत चिकट पदार्थ सोडतो, आणि त्यानं स्मूदीतला चोथा आणि पाणी लवकर वेगळे होत नाहीत. चमच्याच्या वर जाऊ नका, नाहीतर औषध प्यायल्यासारखं होतं.

एवढं सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं नाही, जीव वाचला त्याचा. फक्त म्हटलं, स्मूदी आईसाठी ठेवायची नसते, तयारी ठेवायची असते. केळं आणि पपई गोठवून, अननस शिजवून, दही फ्रिजमध्ये, संत्रा अख्खा. ती जिना चढायला लागली की मिक्सर लाव.

पुढच्या शनिवारी त्यानं सगळं तसंच मांडलं. तळाशी दही, त्यावर शिजवलेला अननस, वर केळ्याच्या आणि पपईच्या गोठवलेल्या चकत्या, संत्र्याचा रस गाळून वाटीत, चिमूटभर मीठ बाजूला. सहाला पाच कमी असताना गेटचा आवाज आला. यानं बटण फिरवलं आणि लाइन गेली. आख्ख्या लेआउटची.

पुन्हा फोन. "आता काय करू वं मावशी?"

चकत्या एव्हाना थोड्या नरमल्या होत्या. गोठून पेशी आधीच फुटलेल्या, त्यामुळे काट्यानं दाबल्या तरी लोण्यासारख्या होत होत्या. त्यानं केळं आणि पपई पातेल्यात कुस्करली, दही ओतलं आणि आजीची रवी काढली. अननसाचे तुकडे तसेच राहिले, दाताखाली येणारे. बहीण बाल्कनीत बसून, पदरानं वारा घेत, चमच्यानं खात होती. कडू लागतं का, असं त्यानं विचारल्यावर तिनं ग्लास पुढे केला. "आहे का अजून थोडी?"